वाइनचा वाद अन् वावरातलं गणित



आपला वर्धा जिल्हा दारूबंदीचा. अल्लीपुरात कापूस, सोयाबीन, तूर. तरी आज वाइनचा इतिहास लिहितो, कारण तो करार शेतीचा धडा आहे.

२७ जानेवारी २०२२ ला राज्य मंत्रिमंडळानं सुपरमार्केटात वाइन विकू द्यायचं ठरवलं, दारूबंदीचे जिल्हे सोडून. सरकार म्हणे द्राक्षवाल्याचा फायदा होईल. विरोधक म्हणे महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र करता काय? अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. निर्णय रखडला. भांडण दुकानावर झालं, पण वावरात काय पडतं यावर बोलणं कमीच.

मागचं पाहा. १९८० च्या दशकात नारायणगावला शामराव चौगुलेंनी फ्रेंच पद्धतीची फेसाळ वाइन काढली. पुढं नाशिकला सुला आली. २००१ मध्ये राज्यानं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, उत्पादन शुल्क माफ केलं. विंचूर अन् पलूसला वाइन पार्क ठरले. शेतकऱ्यांनी करारावर वाइनच्या जाती लावल्या. २००८ च्या मंदीनंतर खप घटला, वाइन टाक्यांत तुंबली, खरेदी आटली. नाशिककडं कितीतरी बागा उपटल्या गेल्या.

असं का झालं? खायच्या द्राक्षाला बाजार नसला तं बेदाणा करता येतो. वाइनच्या द्राक्षाचा मणी लहान, बिया फार, तो बाजारात कोणी घेत नाही. गिऱ्हाईक एकच, कारखाना. सोयाबीन पुढच्या साली बदलता येतं, बाग नाही. मांडवाचा खर्चही आधीच गेलेला असतो.

खप वाढतच जाईल असंही नाही. जगात २०२४ चा वाइनचा खप १९६१ नंतरचा सर्वात कमी होता. फ्रान्सच्या बोर्डो भागात २०२३ मध्ये बाग उपटायला हेक्टरी ६,००० युरो मदतीची योजना आली.

आपल्या भागानंही हे पाहिलं आहे. अमेरिकेच्या यादवीत (१८६१-६५) कापसाचा भाव आभाळाला गेला, युद्ध संपताच कोसळला.

म्हणून कोणतंही करारी पीक घेण्याआधी तीन गोष्टी कागदावर पाहा: दुसरा गिऱ्हाईक आहे काय, भाव किती वर्षांसाठी बांधला, अन् कंपनीनं माल नाकारला तं नुकसान कोणाचं. वाइन दारू आहे का नाही, हा वाद चालू द्या. आपला प्रश्न हा आहे.

तुमच्याकडं कोणी करारावर पीक घेतलं असंल तं खाली लिहा. कृषी सहाय्यक मंडळींनीही सांगावं.