केजची ट्रंक आणि परक्या गावचं कॉलेज

1948 च्या सप्टेंबरपर्यंत बीड जिल्ह्यातलं केज निजामाच्या राज्यात होतं. इथल्या मुलाला पदवी हवी तर वाट हैदराबादला जायची, आणि 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षण उर्दूतून. घरी मराठी बोलणाऱ्याला आधी भाषेचीच परीक्षा द्यावी लागे.

जवळचा आधार होता अंबाजोगाईचा, तेव्हाच्या मोमिनाबादचा. 1935 पासून काही वर्षं स्वामी रामानंद तीर्थ तिथल्या योगेश्वरी नूतन विद्यालयाचे मुख्याध्यापक होते. घरापासून लांब शिकणाऱ्या गरीब पोराची एक जुनी सोय म्हणजे वार लावून जेवणं: सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. पण ही सोय जात बघून मिळायची, हे विसरून त्या काळाचं कौतुक करण्यात अर्थ नाही.

म्हणूनच 1950 साली डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादला काढलेलं, पुढे मिलिंद नावानं ओळखलं गेलेलं महाविद्यालय मोठी गोष्ट ठरली. वर्गाइतकीच तिथली वसतिगृहं महत्त्वाची होती. 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ आलं आणि पदवीसाठी हैदराबादकडे बघायची गरज उरली नाही.

नोकरीच्या आशेनं पुढं शिकायला मात्र पुण्याची एसटी धरावीच लागे. पत्र्याची ट्रंक, वळकटी, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. पुण्यात अच्युतराव आपट्यांनी 1955 मध्ये सुरू केलेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीनं खेड्यातल्या मुलांना स्वस्तात निवारा आणि जेवण दिलं, जोडीला ‘कमवा आणि शिका’. या योजनेचं बीज कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात रुजवलेलं. फुकटचं खाल्लं नाही, ही जाणीव पोराला मुलाखतीच्या खुर्चीवर ताठ बसवायची.