दाढ नव्हे, नस! गालातून जाणाऱ्या एका सुईचा इतिहास

आजचा इतिहास लढाईचा नाही, दुखण्याचा आहे.

दात घासताना, घास चावताना, गाडीवर गार वारा लागला तरी गालात करंट बसल्यासारखी कळ येते. काही सेकंदांचीच, पण माणूस जागेवर थिजतो. आमच्या शिरूर-दौंडकडे असं झालं की पहिली धाव दाताच्या दवाखान्यात. कधीकधी चांगली दाढ जाते आणि कळ तशीच राहते. कारण दोष दाढेत नसतोच. तो असतो चेहऱ्याची जाणीव मेंदूकडे नेणाऱ्या ट्रायजेमिनल नसेत. सलमान खानने हेच दुखणं आपल्याला होतं, असं जाहीर सांगितलंय.

फ्रान्सच्या निकोलास आंद्रेने १७५६ मध्ये आणि लंडनच्या जॉन फोदरगिलने १७७३ मध्ये या कळेचं वर्णन केलं. पण उपाय? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सर्जन कवटी उघडून नसेची गाठच काढू लागले. जीवाला धोका मोठा.

मग लक्ष गेलं कवटीच्या तळाशी असलेल्या एका लंबगोल भोकाकडे. नसेची एक फांदी तिथूनच बाहेर पडते. म्हणजे वाट आयतीच आहे! १९१० च्या दशकात जर्मनीच्या हार्टेलने ओठाच्या कोपऱ्याजवळून गालात सुई घालून त्या भोकातून नसेच्या गाठीपर्यंत जायची पद्धत बसवली. तेव्हा सुईतून अल्कोहोल सोडत. ते कुठे पसरेल, याचा नेम नसे.

१९७४ मध्ये अमेरिकेच्या स्वीट आणि वेप्सिक यांनी सुईचं टोक मोजून तापवलं. मध्येच पेशंटला जागं करून विचारायचे, ‘कुठे जाणवतंय?’

स्वीडनची गंमत ऐका. हाकान्सन यांना किरणोपचारासाठी गाठीजवळ धातूची पूड खूण म्हणून सोडायची होती. ती ग्लिसरॉलमध्ये कालवली, तर किरणांच्या आधीच कळ थांबली! १९८१ मध्ये ग्लिसरॉलचाच उपचार जाहीर झाला. १९८३ मध्ये मलन आणि लिक्टर यांनी त्याच वाटेने इवलासा फुगा नेऊन गाठ दाबली.

म्हणजे वाट शंभर वर्षं तीच. शिकायचं होतं ते नेमकं कुठे थांबायचं.

पण सुई म्हणजे जादू नाही. गाल बधिर होऊ शकतो, कळ परतू शकते. म्हणून आधी गोळी. १९६२ पासून कार्बामाझेपिन वापरात आहे, पण डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. रक्तवाहिनी नसेवर दाबत असेल, तर कानामागून ऑपरेशन करून ती बाजूला करतात. पीटर जॅनेटा यांनी १९६७ मध्ये मांडलेली पद्धत ती हीच.

घरात कुणाला स्पर्शानेही अशी कळ येत असेल आणि दातात काही सापडत नसेल, तर दुसरी दाढ काढायच्या आधी मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवा. शिरूरहून नगर रोड, दौंडहून रेल्वे, पुणे काही लांब नाही. हा भाग त्यांना ऐकवा. भेटू पुढच्या भागात!