५१२ बाइटचा उंबरठा

१९८३ साली महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडलं आणि त्याच वर्षी आमच्या यवतमाळ जिल्ह्यात, पुसदला, बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेत आयबीएमने पीसी एक्सटी हा संगणक बाजारात आणला. त्याची हार्ड डिस्क होती १० मेगाबाइटची. आज तुमच्या फोनमधले दोन-तीन फोटो तिच्यात जेमतेम मावतील. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पण आज इथली मुलं लॅपटॉपवर विंडोजशेजारी लिनक्स टाकतात आणि मशीन सुरूच होत नाही, तेव्हा ती अडचण समजून घ्यायला त्या एक्सटीपर्यंत मागे जावं लागतं.

एक्सटीसोबत डॉसची २.० ही आवृत्ती आली. एका डिस्कची वाटणी करून तिथे वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम ठेवता येतील, अशी सोय त्यात होती. त्यासाठी डिस्कचे पहिले ५१२ बाइट राखून ठेवले. त्यातले ४४६ मशीन सुरू करणाऱ्या छोट्याशा प्रोग्रॅमला, ६४ वाटणीच्या तक्त्याला आणि शेवटचे २ खुणेला. तक्त्यात नोंदी चारच. याला एमबीआर म्हणतात. थोडक्यात, वाड्यात चार बिऱ्हाडं, पण उंबरठा एकच.

बटण दाबल्यावर मशीनला विंडोज किंवा लिनक्स काही ठाऊक नसतं. ते हे ५१२ बाइट वाचतं आणि तिथे जो प्रोग्रॅम असेल त्याच्या हाती कारभार देतं. त्यामुळे उंबरठ्यावर शेवटचं कोणी लिहिलं, त्याचंच चालायचं. विंडोज इन्स्टॉल करताना ती शेजाऱ्याला न विचारता तिथे आपला प्रोग्रॅम लिहायची. ‘आधी विंडोज, मग लिनक्स’ हा नियम हॉस्टेलमधला सीनियर ज्युनियरला सांगतो, तो इथून आला.

लिनक्सकडे १९९२पासून वेर्नर आल्मेसबर्गर यांचा लिलो होता. तो सुरू होताना आपल्या नावाची एल-आय-एल-ओ ही अक्षरं एकेक करून पडद्यावर दाखवायचा. कितव्या अक्षरावर अडला, त्यावरून बिघाड कुठे आहे ते कळायचं. पण त्याला फाइलींची नावं वाचता येत नसत, डिस्कवरच्या जागा तेवढ्या पाठ असत. कर्नल बदलला आणि लिलो पुन्हा चालवायचं राहिलं, की मशीन अडलंच. १९९५मध्ये एरिक बोलेन यांनी ग्रब लिहायला घेतला. त्याला फाइल सिस्टिम वाचता येते. पण त्याचा पहिला तुकडा उंबरठ्यावर आणि उरलेला संसार लिनक्सच्या खोलीत असतो. जागा हवी म्हणून विंडोजमधून कोणी ती खोली पुसली, की उंबरठ्यावरचा तुकडा एकटा पडतो आणि काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ एवढंच दिसतं.

सुट्टीत गावी गेलो, की असा लॅपटॉप माझ्याकडे हमखास येतो. मागच्या दिवाळीत शेजारचा दादा बहिणीचा घेऊन आला. सेकंड हँड घेतलेला. त्यात तिचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आणि वारलेल्या आजीचे फोटो. दुकानात सांगितलं होतं, ‘फॉरमॅट मारावं लागते.’ लिनक्सचा पेन ड्राइव्ह लावून मशीन सुरू केलं, तर सगळ्या फाइली जागच्या जागी होत्या. बिघडला होता फक्त उंबरठा. आधी फाइली दुसरीकडे उतरवल्या, मग त्याच पेन ड्राइव्हवरून ग्रब पुन्हा बसवला. वेळ गेला तो फाइली उतरवण्यात.

नव्या मशीनमध्ये हा एकच उंबरठा राहिलेला नाही. एमबीआरच्या तक्त्याला साधारण २ टेराबाइटच्या पुढची डिस्क मोजता येत नाही. त्यात इंटेलने इटॅनियम प्रोसेसरसाठी नवी पद्धत घडवली आणि २००५पासून ती यूईएफआय नावाने सगळ्या कंपन्यांची झाली. आता प्रत्येक सिस्टिमचा स्वतःचा फोल्डर असतो आणि कोणाला आधी उठवायचं याची यादी मदरबोर्डवर असते. म्हणून लिनक्स ‘गायब’ झालं, तर आधी ती यादी बघा. पुष्कळदा फक्त क्रम बदललेला असतो.

पण २०१२मध्ये विंडोज ८ सोबत सिक्युअर बूट आलं आणि दारावर पहारेकरी बसला. ज्याच्यावर मान्य सही नाही, त्याला प्रवेश नाही. व्हायरस रोखायला हे चांगलंच; फक्त मान्यतेच्या किल्ल्या मुख्यतः मायक्रोसॉफ्टच्या हाती आहेत. ऑगस्ट २०२४मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटने जुने, धोक्याचे बूटलोडर अडवले. दोन सिस्टिम असलेल्या मशीनला ते लागू होणार नव्हतं, तरी काही ठिकाणी झालं आणि लोकांचं लिनक्स सुरू होईना. मायक्रोसॉफ्टने ही अडचण मान्य केली. वाड्यात कोण राहणार हे तुम्ही ठरवलेलं असतं, पण दाराचा नियम दुसरीकडून येतो.

म्हणून दुसरी सिस्टिम टाकण्याआधी तीन गोष्टी जवळ ठेवा: फाइलींची प्रत, सुरू होणारा एक पेन ड्राइव्ह आणि बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की. ती नसेल, तर पेन ड्राइव्हवरूनही कुलूपबंद फाइली उघडणार नाहीत. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर गोष्ट वेगळी; मशीन लगेच बंद करा. नाहीतर पडदा काळा दिसला म्हणून फॉरमॅटला हो म्हणू नका. ‘आधी पेन ड्राइव्ह लावून बघा’ एवढं दुकानदाराला सांगता आलं, तरी पुष्कळ वाचतं.