परळचा रक्तगट आणि दोन शेजारी जनुके

रक्तगटाच्या तपासणीतील 'ओ' हे अक्षर वस्तुतः अभावाचे चिन्ह आहे. तांबड्या पेशींवर 'ए' नाही आणि 'बी'ही नाही, एवढेच ते सांगते. हा अभाव एकाच जातीचा नसतो, हे १९५२ साली परळला उघड झाले. सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय व केईएम रुग्णालयातील डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे रक्त आढळले, की जे चाचणीत 'ओ' ठरे. पण इतरांचे 'ओ' रक्तही त्याला चालत नसे. लंडनच्या रेस, सँगर, मॉर्गन व वॉटकिन्स यांच्यासह त्यांनी 'लॅन्सेट'मध्ये त्याची नोंद केली. पुढे त्याला 'बॉम्बे' हे नाव पडले.

'ए' आणि 'बी' ज्या पायावर उभे राहतात, तो 'एच'च या रक्तात नसतो. 'एच' घडते ते फ्यूकोज ही शर्करा जोडणाऱ्या विकरामुळे, आणि त्या विकराचा पाठ एका जनुकात असतो. परंतु या व्यक्तींच्या लाळेतही 'एच' नव्हते. लाळेतील 'एच'शी संबंधित असलेले दुसरे जनुक हे पहिल्याचे केवळ नियामक असावे, असे दीर्घकाळ मानले गेले. १९८१ साली ओरिओल प्रभृतींनी निराळा विचार मांडला : तेही स्वतंत्र विकराचेच जनुक असून पहिल्याच्या अगदी लगत आहे. १९९० व १९९५ साली ही जनुके हाती आली आणि तो विचार खरा ठरला. १९व्या गुणसूत्रावर ती सुमारे ३५ हजार अक्षरांच्या अंतरावर आहेत. एका मूळ जनुकाच्या द्विरुक्तीतून झालेली ही भावंडे. भारतीय बॉम्बे गटात बहुधा पहिल्यातले एक अक्षर बदललेले असते, तर दुसऱ्याचा मोठा भाग गळालेला असतो. शेजारामुळे हे दोन्ही दोष सहसा एकत्रच वारशाने येतात.

म्हणूनच 'ओ'चे वाचन जपून करावयास हवे. पिता 'एबी' आणि अपत्य 'ओ' निघाले, की पाठ्यपुस्तकी नियमाने संशय आईवर जातो. अपत्य बॉम्बे गटाचे असेल, तर तो संशय निराधार असतो. अशा रुग्णाला 'ओ' रक्त चढवले, तर प्राणावर बेतते. १९९५ साली शहराचे अधिकृत नाव मुंबई झाले, रक्तगटाचे बॉम्बेच राहिले. नावापेक्षा आम्हांला महत्त्वाचे वाटते ते परळच्या प्रयोगशाळेने विचारलेले प्रश्नचिन्ह : येथे नेमके काय नाही?