करमकल्ला, मोहरी आणि कडुनिंब

कार्तिक सरून मार्गशीर्षाची थंडी पडू लागली की लखनौच्या भाजीबाजारात कोबीचे ढीग लागतात. अवधमधील जुनी मंडळी या भाजीला ‘करमकल्ला’ म्हणतात. हा शब्द फारसीतून आला. मराठीतील ‘कोबी’ हा शब्द पोर्तुगीजांच्या बोलीशी नाते सांगतो. ही भाजी आपल्याकडे पाहुणी म्हणून आली, ही गोष्ट या दोन नावांतच नोंदलेली आहे. युरोपच्या सागरतीरावरील एका रानरोपापासून माणसाने शतकानुशतके निवड करीत कोबी, फुलकोबी आणि नवलकोल ही भावंडे घडविली. त्यांपैकी फुलकोबीचे बी १८२२ साली डॉ. जेमसन यांनी इंग्लंडहून सहारनपूरच्या कंपनी बागेत आणले. पुढे उत्तर हिंदुस्थानच्या हवापाण्यात ती इतकी रुळली की तिचे खास देशी वाण तयार झाले.

परंतु हा पाहुणा परक्या गावी आला नव्हता. मोहरी, मुळा आणि सलगम ही कोबीच्याच कुळातील पिके गंगा-यमुनेच्या मैदानात फार पूर्वीपासून पिकत होती. या कुळाच्या पानांत एक तिखट द्रव्य असते. मोहरी फेसताना नाकाला झोंबतो तो त्याचाच दर्प. बहुतेक किडे या दर्पापासून दूर राहतात. काही थोड्या जातींनी मात्र तो पचविला आहे, इतकेच नव्हे तर त्याच्या मागानेच त्या आपले अन्न शोधतात. मोहरीवर पोसणाऱ्या अशा किडींना कोबीची मांसल पाने म्हणजे आयते पक्वान्नच होते.

त्यांपैकी सर्वांत चिवट कीड म्हणजे चौकोनी ठिपक्यांचा पतंग. हा करड्या रंगाचा चिमुकला पतंग पंख मिटून बसला की पाठीवर फिकट चौकोनांची रांग दिसते. बिहारमधील पुसा येथील कृषिसंशोधन संस्थेचे कीटकशास्त्रज्ञ फ्लेचर यांनी १९१४ साली भारतातील त्याची पहिली नोंद केली. त्याची हिरवी अळी पानाचा खालचा थर खरवडून खाते आणि वरचा पापुद्रा तसाच ठेवते, त्यामुळे पानावर काचेच्या खिडक्यांसारखे डाग पडतात. हवा उबदार असली की अंड्यापासून पतंगापर्यंतची फेरी दोन-तीन आठवड्यांत पुरी होते. म्हणजे कोबीचे एक पीक निघेपर्यंत या किडीच्या अनेक पिढ्या होऊन जातात. याच्या जोडीला मावा असतो. शिवाय हिवाळ्याच्या तोंडावर हिमालयाच्या पायथ्याकडून मैदानात उतरणारे आणि उन्हाळ्यापूर्वी पुन्हा पहाडाकडे परतणारे कोबीवरील पांढरे फुलपाखरूही असते. त्याची पिवळी अंडी पानावर पुंजक्यांनी असतात, म्हणून तेवढे पान खुडून टाकले की शेकडो अळ्या जन्मापूर्वीच संपतात. राख धुरळणे, तंबाखूचा काढा शिंपडणे, अळ्या वेचणे हे जुने उपाय कष्टाचे होते. पण ते करणारा माणूस रोज प्रत्येक रोपाकडे पाहत असे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हे चित्र पालटले. १९३९ साली स्विस शास्त्रज्ञ पॉल म्यूलर यांनी डी. डी. टी. या रसायनाची कीटकनाशक शक्ती ओळखली आणि १९४८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हिवतापाविरुद्ध या औषधाने असंख्य जीव वाचविले, हे विसरता येणार नाही. भारतातही १९५४ साली हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स ही सरकारी कंपनी स्थापन होऊन दिल्लीत डी. डी. टी.चा कारखाना उभा राहिला. जे औषध घरातील डास मारते तेच शेतातील अळीही मारते, हे शेतकऱ्याने डोळ्यांनी पाहिले. एका फवारणीने सकाळची अळी संध्याकाळी मरून पडू लागल्यावर पाने खुडीत कोण बसणार?

परंतु ज्या वर्षांत हा विश्वास दृढ होत होता, त्याच वर्षांत त्याला पहिला तडा गेला. १९५३ साली जावा बेटावरील लेंबांग येथे कोबीवरील हा पतंग डी. डी. टी.ला दाद देईनासा झाल्याचे नोंदले गेले. शेतीतील कीड डी. डी. टी.ला पुरून उरल्याच्या जगातील अगदी पहिल्या नोंदींत तिची गणना होते. १९६८ साली पंजाबात लुधियाना येथेही हेच दिसून आले. तेथील पतंग डी. डी. टी.ला आणि पॅराथिऑनलाही जुमानीत नव्हता.

याचे कारण गूढ नाही. लाखो अळ्यांत दोन-चार अशा असतातच की ज्यांच्या शरीरात ते विष निकामी होते. फवारणीने बाकीच्या मरतात आणि याच उरतात. पुढची पिढी त्यांची असते, आणि पिढ्या तर आठवड्यांच्या हिशेबाने येत असतात. म्हणजे शेतकरी आपल्याच हातांनी अधिक चिवट शत्रूची निपज करीत असतो. शिवाय त्याच फवारणीत अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या, मावा खाणारे ढालकिडे आणि कोळी हे मळ्याचे राखणदार मरतात. त्यांची वाढ शत्रूपेक्षा मंद असल्याने ते लवकर परतत नाहीत. मग एका फवारणीच्या दोन होतात, आणि दोनाच्या चार.

याची किंमत पिकापुरती राहिली नाही. १९५८ साली केरळात वाहतुकीत पॅराथिऑन मिसळलेले धान्य खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या आघातातूनच पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. लखनौमध्ये १९६५ साली डॉ. सिब्ते हसन झैदी यांच्या नेतृत्वाखाली औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्र स्थापन झाले. १९८० च्या दशकाच्या आरंभी तेथील संशोधकांनी नवजात अर्भकांच्या रक्तात डी. डी. टी. आणि बी. एच. सी. यांचे अंश असल्याचे दाखविले. ते सारे भाजीतूनच आले असे नव्हे. हिवतापासाठीची फवारणी, धान्य, दूध अशा अनेक वाटा होत्या. परंतु ज्या बालकाने जगातला एकही घास खाल्ला नव्हता त्याच्या रक्तात शेतातले औषध पोहोचले होते, एवढी गोष्ट पुरेशी बोलकी होती. १९८९ साली शेतीतील डी. डी. टी.चा वापर भारत सरकारने बंद केला. तथापि एक औषध बंद झाले म्हणजे दुसरे येते, आणि पतंगाची चिवट पिढी त्याच्याही मागोमाग येते.

या चक्रातून बाहेर पडण्याचा विचार १९५९ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातील स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश आणि हेगन या चार शास्त्रज्ञांनी सूत्ररूपाने मांडला. त्यांच्यापुढे उदाहरण होते लसूणघासावरील माव्याचे. कीड समूळ नष्ट करण्याचा हट्ट धरू नये. तिची संख्या नुकसान होईल अशा पातळीपर्यंत चढते आहे का हे मोजून पाहावे. निसर्गातील तिच्या शत्रूंना आधी काम करू द्यावे. आणि रसायन वापरावेच लागले तर त्या मित्रांना कमीत कमी धक्का लागेल अशा बेताने वापरावे, हे त्या विचाराचे सार होय. यालाच आज एकात्मिक कीड व्यवस्थापन म्हणतात.

हा विचार परदेशात सूत्रबद्ध झाला खरा, पण त्याला लागणारी साधने अवधच्या अंगणातच उभी होती. पहिले साधन कडुनिंब. लखनौजवळच्या बाराबंकी जिल्ह्यात जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी १९४२ साली निंबाच्या तेलातून त्यातील कडू घटक शुद्ध स्वरूपात वेगळे केले. लखनौ विद्यापीठात ज्यांनी सात ठिपक्यांच्या ढालकिड्याच्या शरीररचनेचा अभ्यास केला होता, ते डॉ. एस. प्रधान पुढे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत कीटकशास्त्राचे प्रमुख झाले. १९६२ साली दिल्लीवर टोळधाड आली तेव्हा प्रधान आणि त्यांचे सहकारी जोतवानी व राय यांनी पिकांवर निंबोळीच्या गराचे पाणी फवारून पाहिले. टोळ पिकावर बसले, पण त्यांनी ते खाल्ले नाही. कीटकाला तत्काळ ठार न करता त्याची भूक मारणारे हे द्रव्य होते. निंबोळी वाटून, रात्रभर भिजवून, गाळून केलेला पाच टक्के अर्क आज महाराष्ट्रातील शेतकऱ्यालाही सुपरिचित आहे. मुंबईच्या खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९७६ साली केतकर यांचा निंबाच्या उपयोगांवरील अहवाल प्रसिद्ध करून या ज्ञानाला हातभार लावला.

दुसरे साधन मोहरी. बंगलोरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेतील श्रीनिवासन आणि कृष्णमूर्ती यांनी १९९१ साली सिद्ध करून दाखविले की चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाला अंडी घालण्यासाठी कोबीपेक्षा मोहरी अधिक पसंत असते. म्हणून कोबीच्या दर पंचवीस ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी असाव्यात. त्यांपैकी एक कोबीच्या लावणीपूर्वी पंधरा दिवस आणि दुसरी लावणीनंतर पंचवीस दिवसांनी पेरावी, म्हणजे पिकाच्या साऱ्या काळात कोवळी मोहरी शेतात राहते. माद्या तिकडे वळतात, आणि फवारणी करावयाची ती प्रामुख्याने त्या मोहरीवर. ज्या नात्यामुळे कोबीला शत्रू मिळाले, तेच नाते येथे तिच्या संरक्षणास आले.

मात्र यांतील कोणतेही एक साधन रामबाण मानले की जुनीच चूक पुन्हा घडते. अळ्यांना आजारी पाडणाऱ्या बी. टी. नावाच्या जीवाणूची भुकटी अत्यंत निरुपद्रवी म्हणून गौरविली गेली. पण हवाई बेटांवर तिचीच वारंवार फवारणी झाली तेव्हा १९९० पर्यंत हा पतंग तिलाही निर्ढावल्याचे आढळले. ‘एकात्मिक’ या शब्दातील अर्थ तो हाच. निरनिराळे उपाय आळीपाळीने आणि बेताने योजले, तरच शत्रूला एकाच हत्याराची सवय होत नाही.

भारत सरकारने १९८५ साली हे धोरण म्हणून स्वीकारले. १९९२ साली पीकसंरक्षण, टेहळणी आणि जैविक नियंत्रण यांची वेगवेगळी केंद्रे एकत्र करून केंद्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्रे स्थापण्यात आली. त्यांपैकी एक लखनौमध्ये आहे. मित्रकीटकांची जोपासना करणे आणि शेतकऱ्यांच्या बांधावर शाळा भरविणे ही अशा केंद्रांची कामे. या शाळेत शेतकरी दर आठवड्याला शेतात उतरतो, ठरावीक रोपे तपासतो, शत्रू किती आणि मित्र किती यांची मोजदाद करतो, रोपाचे चित्र काढून एका बाजूस अळी व दुसऱ्या बाजूस ढालकिडा रेखाटतो, आणि मग फवारावे की थांबावे याचा निर्णय घेतो.

तरीही हा मार्ग सर्वत्र रूढ झाला आहे असे म्हणता येत नाही. अर्ध्या बिघ्यावर कोबी लावणाऱ्या माळ्याला मोहरीच्या दोन ओळींची जागादेखील मोठी वाटते. निंबोळ्या उन्हाळ्याच्या शेवटी गोळा कराव्या लागतात आणि गरज पडते ती हिवाळ्यात. औषधाचा दुकानदार उधारीवर बाटली देतो व सल्लाही देतो. ढालकिड्याची बाजू मांडणारा कोणी दुकानदार नसतो. आणि शहरातील गिऱ्हाईक पानावर एक भोक दिसले तरी गड्डा बाजूस सारते. त्या एका भोकाच्या भयाने माळी आणखी एकदा पंप पाठीवर घेतो. त्याच्या श्वासावाटे ते विष प्रथम त्याच्याच शरीरात शिरते, आणि उरलेले गिऱ्हाइकाच्या घरी जाते. म्हणून हा प्रश्न केवळ कृषिखात्याचा नाही. बाजारात उभे राहून भाजी निवडणारा प्रत्येक हात त्यात सहभागी आहे.

शंभर वर्षांच्या या इतिहासात माणसाला पतंग जिंकता आला नाही आणि पुढेही तो येण्याचा संभव दिसत नाही. त्याला मर्यादेत मात्र ठेवता येते. त्यासाठी जुन्या शेतकऱ्याची रोज रोपापाशी वाकून पाहण्याची सवय आणि नव्या शास्त्राची मोजणी या दोहोंची जोड लागते. विष हाती आल्यावर पाहण्याची सवय सुटली होती. ती परत यावी, एवढ्याचसाठी शेताच्या बांधावर ही शाळा भरते.