झाकलेल्या मडक्यातला इतिहास

कुरआनात सर्वांत जास्त वेळा नाव येते ते हजरत मूसा यांचे. त्यामुळे फिरऔनाच्या गुलामीतून इस्राएल लोकांची सुटका कशी झाली, ही हिब्रू धर्मग्रंथातली कथा आपल्याला परकी नाही. पण इतिहासाचा विद्यार्थी विचारणारच, पुरावा काय?

मिसरच्या प्राचीन लेखांत या सुटकेचा उल्लेख सापडत नाही. ‘इस्राएल’ हे नाव तिथे प्रथम दिसते ते मर्नेप्ताह राजाच्या इ.स.पू. १२०८च्या सुमाराच्या शिलालेखात, आणि तेही त्यांचा निर्वंश केल्याची बढाई मारताना! राजे विजय कोरतात. निसटलेल्या गुलामांची नोंद कोण करणार?

मग आठवण टिकते कशी? त्याचे उदाहरण आपल्या कोकणात आहे. रायगडच्या किनाऱ्यावर तेल गाळणारे बेने इस्राएल शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. कित्येक पिढ्या त्यांच्याजवळ हिब्रू ग्रंथ नव्हते. तरी ते ‘अनाशी ढाकाचा सण’ पाळत, म्हणजे आंबट रसाचे मडके आठ दिवस झाकून ठेवत. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी आपल्या समाजाच्या इतिहासात या प्रथेची नोंद केली आहे. धर्मग्रंथ सांगतो, मिसर सोडताना कणीक आंबायलाही सवड मिळाली नाही. म्हणून वल्हांडणाच्या दिवसांत भाकर बेखमीर. भात खाणाऱ्या कोकणात पावाचे खमीर कुठले? तिथे आंबट मडके झाकले गेले. कारण विसरले, कृती राहिली.

पुढे ग्रंथही परतले. या सणाच्या रात्री घरी वाचायचा ‘हगादा’ १८४६ साली मुंबईत हिब्रू-मराठीत छापला गेला, १८७४ साली पुण्यात सचित्र निघाला. त्याच पुण्यात आदल्याच वर्षी जोतीराव फुल्यांचे ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले होते.

आमच्या राधानगरीकडे मोहरमची दहावी म्हटली की करबला आणि पंजे आठवतात. पण आशुराच्या रोज्याला याहून जुनी आठवण आहे. हदीसनुसार, मूसांच्या सुटकेबद्दल मदिनेतले यहुदी हा रोजा ठेवत. ते पाहून पैगंबरांनीही तो ठेवला व इतरांना ठेवायला सांगितला.

म्हणून ही कथा वाचताना ‘कधी घडले?’ एवढ्यावर थांबू नये. ती कुणी जपली आणि मुलांना सांगताना कशासाठी सांगितली, हेही पाहावे. तो ग्रंथच बजावतो : तुम्ही मिसरात परके होता, तेव्हा तुमच्यातल्या परक्याला छळू नका.