चिंच, राख आणि एक अक्षर

गेल्या वर्षी धनत्रयोदशीच्या आधी आमगावजवळच्या एका ओळखीच्या घरी गेलो, तेव्हा परातीत चिंचेचं पाणी तयार होतं आणि शेजारी लाल फडक्यात लक्ष्मीपूजनाचे अकरा जुने रुपये. मी हात आडवा घातला. घरातल्या आजी हसल्या. "भाऊ, लक्ष्मीले वर्षातून एकदा त आंघोळ पायजे ना?"

त्यांना काय सांगणार? हाच अपराध मी स्वतः केलेला आहे.

ऐन पंचविशीत पवनीच्या आठवडी बाजारात भंगाराच्या टोपलीतून एक काळपट नाणं घेतलं होतं. अभ्यास काही नव्हता, हौस होती. घरी येऊन चिंच लावली, चुलीतल्या राखेने घासलं. सोंड उचललेला हत्ती छान उजळला. हत्तीभोवती जी ब्राह्मी अक्षरं होती, त्यांतली 'रञो सिरि' एवढीच उरली. पुढचं नाव माझ्या अंगठ्याखाली गेलं. पुढे काय गेलं ते कळायला मला दहा वर्षं लागली, आणि ते कळलं तऱ्हाळ्याच्या साठ्याविषयी वाचताना.

तऱ्हाळा हे तेव्हाच्या अकोला, आताच्या वाशीम जिल्ह्यातलं गाव. तिथे १९३९ साली सातवाहनांची सुमारे दीड हजार पोटीन नाणी सापडली. पोटीन म्हणजे तांब्यात कथील आणि शिसं मिसळलेला ठिसूळ मिश्रधातू. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी ती नाणी वाचली आणि पुराणांच्या वंशावळींत नसलेले राजे उजेडात आले : कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी. (आमगावजवळचं पद्मपूर हे भवभूतीचं गाव, असं मांडणारे मिराशी तेच.) या राजांचं अस्तित्व किती बारीक धाग्यावर लटकलं आहे पाहा. ब्राह्मीतला 'क' म्हणजे साधं अधिकाचं चिन्ह. त्याच्या पायाशी छोटी रेघ आली की झाला 'कु'. ती रेघ घासली गेली तर कुंभ राजाही गेला.

शिवाय शतकानुशतकं मातीत राहिलेल्या नाण्याचा मूळ पृष्ठभागच पुष्कळदा क्षारांत बदललेला असतो. मग अक्षर उरतं ते त्या काळ्या-हिरव्या थरात, आणि चिंचेचं आम्ल नेमका तोच थर खातं. आपण मळ काढतोय असं वाटतं, प्रत्यक्षात मजकूर काढत असतो.

आजींचे रुपये तसे नव्हते, ते चांदीचे, नागपूरकर भोसल्यांच्या काळातले. भोसल्यांनी नाणी पाडली ती मुघल बादशहांच्या नावाने, फारसी मजकुरासह. साचा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे एका नाण्यावर मजकुराचा तुकडाच उमटे. टांकसाळ नि साल पुष्कळदा काठाबाहेर. चार नाणी शेजारी ठेवून एक वाक्य जुळवायचं असतं. दरवर्षीच्या आंघोळीने अकरापैकी सात रुपये गुळगुळीत झाले होते.

उरलेल्या चारांवर नुसती धूळ होती. पण गोंदियाची धूळ साधी नाही. आमचा मुलूख राईस मिलांचा. हवेत उडणाऱ्या धानाच्या तुसात सिलिका असते, आणि ती चांदी-तांब्याहून कठीण. कोरड्या फडक्याने पुसलं की ती कानसीसारखी चालते. तोंडाने फुंकर मारावी तर थुंकीचे कण उडतात, डाग पडतात.

मी टेबलावर घडी घातलेली मऊ चादर पसरली, म्हणजे नाणं निसटलं तरी आपटणार नाही. हात धुऊन कोरडे केले, नाणं काठाने धरलं. कॅमेऱ्याच्या भिंगासाठी मिळतो तो रबरी फुगा दाबून आधी सुटी धूळ उडवली. मग खारीच्या केसांचा नवा, कोरडा ब्रश, वजन न देता, एकाच दिशेने. घासायचं नाही, झटकायचंही नाही. जे एवढ्याने निघत नाही ते धूळ नव्हे, आणि त्याला आपण हात लावायचा नाही. तांब्याच्या नाण्यावर फिकट हिरवी, पिठासारखी पूड दिसली तर तो क्लोराईडचा रोग. ते नाणं वेगळं काढून कोरड्या डबीत सिलिका जेलसोबत ठेवावं आणि जाणकाराकडे न्यावं. आमच्याकडच्या पावसाळी दमटपणात तो वेगाने वाढतो.

जमिनीत पुरलेलं नाणं सापडलं तर घासणं सोडाच, घरी ठेवणंही बरोबर नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचं असं धन सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. पंचविशीत मला हेही ठाऊक नव्हतं.

चौथ्या रुपयाच्या काठाशी, धुळीखालून, एका फारसी आकड्याचा अर्धा भाग दिसला. मी भिंगातून आजींना दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग चारही रुपये त्यांनी कोरड्या कागदात गुंडाळून कपाटात ठेवले, आणि परातीत गुळगुळीत झालेले सात सोडले. पूजा तर व्हायलाच हवी होती.